विमान उडते ते जमिनीच्या बळावर

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडच्या तळावर मिग-२१ विमानाने भारतीय वायुदलाचा निरोप घेतला. १९६३ साली दाखल झालेल्या या विमानाने बासष्ट वर्षे देशाच्या आकाशाची राखण केली. त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर रोजी, नाशिकजवळील ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झालेले पहिले तेजस मार्क-१ए विमान संरक्षणमंत्री राजनाथसिंह यांच्या उपस्थितीत आकाशात झेपावले. ज्या कारखान्याची उभारणीच मुळी १९६४ साली मिग-२१ च्या निर्मितीसाठी झाली, तेथूनच स्वदेशी लढाऊ विमानाने भरारी घ्यावी, हा योगायोग मोठा बोलका होता. दोन्ही प्रसंगी वृत्तपत्रांची पाने भरून गेली. प्रत्येक देशभक्त नागरिकाचा ऊर भरून यावा, असेच ते क्षण होते.

ओझरच्या त्याच परिसरात वायुदलाची आणखी एक आस्थापना आहे. तिचे छायाचित्र वृत्तपत्रांत क्वचितच येते. तिचे नाव ११ क्रमांकाचा बेस रिपेअर डेपो. लढाऊ विमाने पूर्ण उकलून, त्यांचा भाग न् भाग तपासून, ती पुन्हा उभी करणारा हा वायुदलाचा डेपो. मिग-२३ आणि मिग-२९ येथे दुरुस्त झाली. मिग-२९ च्या आधुनिकीकरणाचे बहुतांश काम येथे झाले. आणि एप्रिल २०१८ मध्ये येथे ओव्हरहॉल केलेले पहिले सुखोई-३० विमान पुन्हा वायुदलाच्या हवाली करण्यात आले. नव्या विमानाच्या पहिल्या उड्डाणाला टाळ्या पडतात. पंधरा वर्षे वापरलेल्या विमानाच्या पुनर्जन्माला कोणी टाळी वाजवीत नाही. आणि तरीही, युद्धाच्या दिवशी आकाशात जी विमाने असतील त्यांत वापरलेली, झिजलेली आणि पुन्हा सज्ज केलेलीच बहुसंख्य असणार, हे उघड आहे.

म्हणूनच विमानखरेदीच्या प्रत्येक घोषणेनंतर एक प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. घेतलेल्या विमानांपैकी उद्या सकाळी उडण्यास सज्ज अशी किती?

संख्या आणि सिद्धता

वायुदलासाठी मंजूर असलेली लढाऊ तुकड्यांची संख्या ४२ आहे. मिग-२१ च्या निवृत्तीनंतर ती प्रत्यक्षात २९ वर आली. या तुटीची चर्चा पुष्कळ होते आणि ती व्हावयासही हवी. परंतु या दृश्य तुटीच्या पोटात एक अदृश्य तूट दडलेली असते. तुकडी कागदावर अठरा विमानांची असली, तरी त्यांतील सहा सुट्या भागांची वाट पाहत उभी असतील, तर ती लढावयाची बारांचीच.

सुखोई-३० एमकेआय हे आज आपल्या वायुदलाचा कणा मानले जाणारे विमान. त्याचा संसार बहुतांशी महाराष्ट्रातच मांडला गेला आहे. २७ सप्टेंबर २००२ रोजी ते पुण्याच्या लोहगाव तळावर वायुदलात दाखल झाले. करारबद्ध २७२ विमानांपैकी २२२ हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या वाट्याला आली आणि ती ओझरला बांधली गेली. अशा या विमानाविषयी भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०१५ च्या अहवालात जे नमूद केले, ते प्रत्येक सुजाण नागरिकाने वाचावे असे आहे. ताफ्यापैकी ७५ टक्के विमाने सज्ज असावीत असा दंडक असताना, प्रत्यक्षात सिद्धतेचे प्रमाण ५५ ते ६० टक्के इतकेच होते. कारणे दोन : सुट्या भागांचा तुटवडा आणि उत्पादकाकडून मिळणाऱ्या साहाय्यातील उणिवा.

या टक्केवारीचा अर्थ साध्या अंकगणिताने समजून घेऊ. दोनशे विमानांचा ताफा धरला, तर ७५ आणि ५५ यांतील अंतर होते चाळीस विमानांचे. म्हणजे दोन तुकड्यांहून अधिक. शत्रूने एकही गोळी न झाडता आपल्या दोन तुकड्या जमिनीवर खिळून राहिल्या! डिसेंबर २०२४ मध्ये बारा नव्या सुखोई विमानांचा करार संबंधित साधनसामग्रीसह सुमारे १३,५०० कोटी रुपयांना झाला. त्या दराने चाळीस विमानांचे मोल ४५ हजार कोटींच्या घरात जाते. एवढी संपत्ती एखाद्या गळणाऱ्या नळीमुळे किंवा न मिळालेल्या पंपामुळे हँगरमध्ये पडून राहणे ही चैन कोणत्याही देशाला परवडणारी नाही.

नौदलाची कथा याहून क्लेशदायक होती. विमानवाहू युद्धनौकेसाठी रशियाकडून घेतलेली मिग-२९के विमाने गोव्याच्या आयएनएस हंसा तळावर आली. महालेखापरीक्षकांच्या २०१६ च्या अहवालानुसार त्यांच्या सिद्धतेचे प्रमाण १५.९३ ते ३७.६३ टक्क्यांच्या दरम्यान होते. तीनांपैकी दोन विमाने उभी, अशी ही अवस्था.

हे केवळ आपल्याच वाट्याला आलेले दुखणे आहे असे नाही. जर्मनीसारख्या संपन्न आणि यंत्रविद्येत अग्रगण्य राष्ट्राच्या संसदेपुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये आलेल्या अहवालात, २०१७ च्या अखेरीस त्यांच्या सहाही पाणबुड्या बंद असल्याचे आणि चौदा ए-४००एम मालवाहू विमानांपैकी काही वेळा एकही उडण्याजोगे नसल्याचे नमूद होते. याउलट १९६७ च्या जूनमध्ये इस्रायलने काय केले ते पाहावे. परतलेल्या विमानात इंधन आणि शस्त्रे भरून ते काही मिनिटांत पुन्हा आकाशात पाठविण्याचा सराव त्यांच्या जमिनीवरील तंत्रज्ञांनी वर्षानुवर्षे केला होता. त्यामुळे त्यांचे एकेक विमान एका दिवसात अनेक वेळा उडाले आणि प्रतिपक्षाला त्यांची संख्या आहे त्याहून कितीतरी मोठी भासली. विमाने तेवढीच; त्यांचे बळ मात्र तळावरच्या हातांनी वाढविले.

उकललेले विमान काय सांगते

देखभाल म्हणजे केवळ तेलपाणी, अशी सर्वसामान्य समजूत असते. लढाऊ विमानाची देखभाल ही मात्र एक शास्त्रशुद्ध उतरंड आहे. प्रत्येक उड्डाणापूर्वी आणि नंतर तुकडीतील तंत्रज्ञ तपासणी करतात. ठराविक उड्डाणतासांनंतर तळावरील कार्यशाळेत अधिक सखोल काम होते. आणि नेमून दिलेले तास किंवा वर्षे, यांपैकी जे आधी पूर्ण होईल त्या टप्प्यावर विमान डेपोत किंवा कारखान्यात जाते, जेथे ते संपूर्ण उकलले जाते. सांगाड्यातील सूक्ष्म तडे शोधले जातात, विद्युत्‌तारांचे जुडगे बदलले जातात, नियंत्रणाची प्रत्येक यंत्रणा नव्याने तपासली जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. विमान उभे राहिले म्हणून ते झिजत नाही असे नाही. रबराच्या वळ्या आणि नळ्या काळानेच कडक होतात. संकटसमयी वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनातील स्फोटक काडतुसांनाही आयुर्मर्यादा असते. ती संपली की न वापरताच बदलावी लागतात. आणि एखादे विमान उकलल्यानंतरच आत आणखी काय बिघडले आहे ते कळते. ठरलेल्या दहा कामांची अशी चौदा होतात. वाढलेल्या चार कामांसाठी पुन्हा प्रस्ताव, पुन्हा मंजुरी, पुन्हा निविदा असा फेरा सुरू झाला, की ते विमान महिनोन्‌महिने उकललेल्या अवस्थेत पडून राहते.

सुटा भाग वेळेवर आला नाही, की तळावरील अभियंत्यापुढे एकच मार्ग उरतो : शेजारच्या विमानाचा भाग काढून या विमानाला लावायचा. आज एक विमान उडते. पण दुसरे भाकड होते. काढता-लावताना दोन्ही भागांची झीज होते आणि तंत्रज्ञाचे श्रम दुप्पट होतात. एका लेकराच्या तोंडचा घास काढून दुसऱ्याला भरविण्याचाच हा प्रकार. घरात धान्य नसले की आई तेही करते. पण त्याला कोणी गृहव्यवस्था म्हणत नाही.

या साऱ्याची अंतिम किंमत रुपयांत मोजता येत नाही. एप्रिल २०१२ पर्यंत आपल्याकडील ८७२ मिग विमानांपैकी ४८२ विमाने अपघातग्रस्त झाली आणि त्यांत १७१ वैमानिकांनी प्राण गमावले, असे तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले होते. मानवी चूक आणि तांत्रिक दोष अशी दोन्ही कारणे त्यांत होती. सारेच अपघात देखभालीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तरीही १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे मिग-२१ च्या अपघातात गेलेल्या फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ याचे नाव महाराष्ट्र विसरलेला नाही. त्याच्या माता-पित्यांनी दुःख गिळून, विमानसुरक्षेचा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला आणि मुलाच्या नावे त्यासाठी संस्था उभी केली. त्या अपघाताचा निवाडा करणे हे या लेखाचे काम नव्हे. परंतु आपण आपल्या मुलाला ज्या यंत्रात बसवून पाठवितो, ते यंत्र निर्दोष असावे, ही अपेक्षा बाळगण्याचा अधिकार प्रत्येक आई-वडिलांना आहे.

हलवर्णची छावणी

शौर्याच्या कथा सांगताना आपण रसदीची कथा विसरतो. आपला इतिहास मात्र ती विसरलेला नाही. शिवछत्रपतींनी राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळील हलवर्ण येथील छावणीतील आपल्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला उपद्रव देऊ नये, या आज्ञेसाठी ते नेहमी स्मरले जाते. पण ते मुळात रसदीचे पत्र आहे. पावसाळ्याच्या तोंडावर छावणीतील दाणा-वैरण हिशेबाने वापरा. आता उधळाल तर पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि त्यांच्या मृत्यूचे दायित्व तुमच्यावर येईल, असा त्याचा आशय. एवढेच नव्हे, तर पेटती वात उंदराने ओढून नेली तर गवताला आग लागून पागाच जळून जाईल, इथपर्यंतचा विचार त्या पत्रात आहे. ज्या राजाच्या तलवारीने दिल्ली हादरत होती, त्याला दिव्याच्या वातीची आणि उंदराची चिंता वाटत होती. ती वाटत होती म्हणूनच तलवार चालत होती.

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तही हीच दृष्टी दिसते. किल्ल्यावरील दारूगोळा केवळ साठवून ठेवू नये. ठराविक दिवसांनी तो बाहेर काढून त्यास ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोरबंद करावा, असे त्यात सांगितले आहे. साठा असणे आणि साठा उपयोगी असणे यांतील भेद तीन शतकांपूर्वीच्या या मुत्सद्द्याला नेमका ठाऊक होता. आजच्या डेपोत आसनातील काडतुसांच्या मुदतीची नोंद ठेवणारा वायुसैनिक त्याच परंपरेचा पाईक आहे.

आणि याच्या उलट टोकाला पानिपत आहे. १७६१ च्या जानेवारीत मराठ्यांपाशी शौर्य कमी नव्हते. इब्राहिमखान गारद्याच्या तोफाही होत्या. गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसदीचे मार्ग तुटले आणि छावणीत अन्न उरले नाही. उपाशी फौज रणात उतरली. संक्रांतीच्या त्या दिवसाचे स्मरण करताना आपण हा भाग सहसा मागे ठेवतो.

दुसऱ्याच्या किल्लीचे कुलूप

स्वतंत्र भारतात रसदीचे हे मार्ग तुटण्याचे प्रसंग वारंवार आले. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला. ज्या कारखान्यांतून आपले सुटे भाग येत, ते रातोरात वेगवेगळ्या देशांत विभागले गेले. कोणता भाग कोठे बनतो हे शोधण्यातच कित्येक वर्षे गेली. मे १९९८ मध्ये पोखरण येथे आपण अणुचाचण्या केल्या आणि अमेरिकेने निर्बंध लादले. नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरे ब्रिटिश बनावटीची. पण त्यांतील काही भाग अमेरिकी होते. निर्बंधांबरोबर ते यावयाचे थांबले आणि हेलिकॉप्टरे जमिनीवर बसली. समुद्रातील पाणबुड्यांचा शोध घेणारे डोळे वॉशिंग्टनमधील एका आदेशाने मिटले गेले. एएन-३२ या मालवाहू विमानांच्या आधुनिकीकरणाचा करार २००९ मध्ये युक्रेनशी झाला. २०१४ नंतर रशिया-युक्रेन संघर्षात तो कार्यक्रम अडखळला. जॅग्वारचे उत्पादन जगात केव्हाच थांबले. त्याच्या भागांसाठी फ्रान्सने निवृत्त केलेली विमाने आणण्याची वेळ आपल्यावर आली.

या अनुभवाचे सार एवढेच की, विमान आपले आणि त्याचा सुटा भाग परक्याचा, ही व्यवस्था म्हणजे दुसऱ्याच्या किल्लीचे कुलूप होय. त्यामुळे स्वदेशी विमान बांधणे जितके महत्त्वाचे, तितकेच आहे त्या विमानाचा वॉशर, सील आणि गाळणी येथे बनविणे महत्त्वाचे. ऑगस्ट २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाने ‘सृजन’ हे संकेतस्थळ सुरू करून आयात होणाऱ्या वस्तू देशी उद्योजकांपुढे ठेवल्या, हे योग्य पाऊल होते. सप्टेंबर २०२४ मध्ये सुखोईसाठी २४० एएल-३१एफपी इंजिनांचा २६ हजार कोटींहून अधिक रकमेचा करार हिंदुस्थान एरोनॉटिक्सशी झाला. ही इंजिने ओडिशातील कोरापूट येथे आठ वर्षांत तयार होणार आहेत. हा निर्णयही दूरदृष्टीचा म्हटला पाहिजे. विमानाच्या आयुष्यात इंजिने एकाहून अधिक वेळा बदलावी लागतात, हे त्यात आधीच जमेस धरले आहे.

पर्रीकरांनी घातलेला पायंडा

सिद्धतेचे हे गणित बदलता येते, याचे उदाहरण गोव्याच्या एका सुपुत्राने घालून दिले आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री झाले. मुंबईच्या आयआयटीतून धातुशास्त्राची पदवी घेतलेल्या या मंत्र्याने नवे काय घ्यावयाचे याबरोबरच, आहे त्यातील चालते किती, याकडेही लक्ष वळविले. सुखोईच्या सिद्धतेचे आढावे त्यांनी स्वतः घेतले. आपण आलो तेव्हा सुमारे ४६ टक्के असलेले हे प्रमाण ६० टक्क्यांच्या वर गेल्याचे त्यांनी २०१७ च्या आरंभी सांगितले. एकही नवे विमान न घेता वाढलेले हे बळ होते. त्याच प्रयत्नांची परिणती म्हणून मार्च २०१७ मध्ये सुट्या भागांच्या पाच वर्षांच्या पुरवठ्यासाठी रशियन कंपन्यांशी दीर्घ मुदतीचे करार झाले. एरवी प्रत्येक भागासाठी स्वतंत्र मागणी, स्वतंत्र वाटाघाटी आणि मग वर्षभराची प्रतीक्षा, असा क्रम असे.

त्यांच्याच कारकिर्दीत, २३ सप्टेंबर २०१६ रोजी, ३६ राफेल विमानांचा करार झाला. त्याच्या किमतीवरून राजकीय रणे माजली. पण त्यातील एका कलमाकडे फारसे कोणी पाहिले नाही. ताफ्यापैकी ७५ टक्के विमाने सदैव सज्ज राहतील याची हमी उत्पादकाने काही वर्षांसाठी द्यावी, आणि त्यासाठी स्वतंत्र रक्कम मोजली जावी, असे त्यात ठरले. भाग विकून पैसे मिळविण्याऐवजी विमान उडते ठेवण्याचे पैसे मिळावेत, ही ती कल्पना. देखभालीची किंमत करारातच उघडपणे मांडली, की विमान महाग दिसते. ती लपविली, की विमान स्वस्त दिसते आणि पुढची वीस वर्षे महाग पडते. सामान्य गृहस्थही मोटार घेताना तिचा सांभाळ परवडेल का, हे विचारतो. राष्ट्राने ते का विचारू नये?

पैसा कोठून आणि कसा

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६.८१ लाख कोटी रुपयांची तरतूद होती. त्यांपैकी नव्या खरेदीचा, म्हणजे भांडवली, भाग १.८० लाख कोटींचा. निवृत्तिवेतनासाठी सुमारे १.६० लाख कोटी. आणि वेतन वगळता तिन्ही दलांचे इंधन, दारूगोळा, सुटे भाग, दुरुस्ती, साठवण या साऱ्यांसाठी सुमारे १.१४ लाख कोटी. सिद्धता जेथून येते तो हा शेवटचा हिस्सा आहे आणि ओढाताण झाली की पहिली कात्री त्यालाच लागण्याचा धोका असतो. वेतन आणि निवृत्तिवेतन थांबविता येत नाही. विमानाच्या कराराचा हप्ता चुकविता येत नाही. पण सुट्या भागांची मागणी पुढच्या वर्षावर ढकलता येते. ढकलल्याचा आवाज त्या दिवशी कोठेही होत नाही. तो तीन वर्षांनी हँगरमध्ये ऐकू येतो.

सरकार कोणत्या पक्षाचे आहे, याच्याशी या रोगाचा संबंध नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. २०१८ च्या अखेरीस वायुदलाकडून हिंदुस्थान एरोनॉटिक्सला येणे असलेली रक्कम १५,७०० कोटींच्या घरात पोहोचली होती आणि कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी त्या कंपनीला सुमारे एक हजार कोटींचे कर्ज काढावे लागले. ज्या हातांनी विमाने दुरुस्त करावयाची, त्यांच्याच पगाराची चिंता निर्माण व्हावी, हे भूषणावह नव्हते.

१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संरक्षण खरेदीच्या नव्या नियमपुस्तिकेत मात्र काही सुधारणा निश्चितच स्वागतार्ह आहेत. आधीची पुस्तिका २००९ ची होती. विमान किंवा जहाज उकलल्यावर वाढणाऱ्या कामासाठी १५ टक्क्यांपर्यंतची तरतूद आता आरंभीच करता येते. वर उल्लेखिलेला मंजुऱ्यांचा फेरा त्याने बराच कमी व्हावा. देशी वस्तू विकसित करणाऱ्या उद्योजकाला पाच वर्षांपर्यंत मागणीची हमी देण्याची सोयही त्यात आहे. कागदावरची ही सोय ओझरच्या आणि हंसाच्या हँगरपर्यंत पोहोचते का, हे मात्र सातत्याने पाहावे लागेल.

मेगाब्लॉकचे तत्त्व

कोपर-डोंबिवलीच्या वाचकांना देखभालीचे महत्त्व पटवून देण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. दर रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक जाहीर होतो आणि कोपरच्या फलाटावर ताटकळणारा प्रवासी मनातल्या मनात त्रागा करतो. पण त्या चार-पाच तासांत रूळ, सांधे आणि वरच्या तारा तपासल्या जातात, म्हणून सोमवारी सकाळी लाखो माणसे कामावर पोहोचतात. रात्री कळव्याच्या कारशेडमध्ये गाड्यांची तपासणी करणारा कामगार आपल्याला कधी दिसत नाही. त्याने एक रात्र कुचराई केली, तर ती मात्र साऱ्यांना दिसेल. जे यंत्र अखंड वापरावयाचे, त्याला थांबविण्याचाही वेळ आणि पैसा राखून ठेवावा लागतो, हे मेगाब्लॉकचे तत्त्व वायुदलालाही तंतोतंत लागू आहे.

त्या दृष्टीने काही गोष्टी आग्रहाने मांडाव्याशा वाटतात. पहिली, प्रत्येक विमानाच्या खरेदीला मंजुरी देतानाच त्याच्या संपूर्ण आयुष्यातील देखभालीचा खर्च मांडला जावा. सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ तेजस विमानांचा ६२,३७० कोटींचा करार झाला. आधीच्या ८३ विमानांसह हा ताफा १८० चा होईल. त्याच्या ओव्हरहॉलची क्षमता उभारण्याचे काम आजच सुरू व्हावयास हवे. सुखोईचे पहिले ओव्हरहॉल ओझरला पूर्ण होण्यास डिसेंबर २०१४ उजाडला. विमान दाखल होऊन तेव्हा बारा वर्षे लोटली होती. हा विलंब तेजसच्या वाट्याला येऊ नये.

दुसरी, सुट्या भागांच्या निधीला ३१ मार्चची मुदत असू नये. वर्ष संपताना उरलेला पैसा परत जातो आणि भाग मात्र वर्षभराने यावयाचा असतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी संरक्षण आधुनिकीकरणाचा न संपणारा निधी सुचविला होता. असा निधी उभारताना त्यातील निश्चित वाटा देखभालीसाठी राखून ठेवला पाहिजे.

तिसरी गोष्ट लघुउद्योगाची. अंबरनाथला आयुधनिर्माणी आहे, नौदलासाठी पदार्थविज्ञानाचे संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत आणि नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये कुशल हातांची वाण नाही. पण वायुदलाला एखादा सील हवा असतो वर्षाला पन्नास. त्याच्या प्रमाणीकरणाला लागतो दीर्घ काळ. आणि देयक मिळते त्याहूनही उशिरा. छोटा कारखानदार यात टिकत नाही. चाचणीच्या सोयी जवळ उपलब्ध करणे, मागणी एकत्र करून अनेक वर्षांसाठी देणे आणि पैसे वेळेवर चुकते करणे, एवढे केले तरी पुष्कळ साधेल. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने एअर इंडियासाठी उभारलेले दुरुस्ती केंद्र आहे आणि वायुदलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालयही नागपुरातच आहे. विमानांच्या सुट्या भागांवरील एकात्मिक कर जुलै २०२४ पासून सरसकट ५ टक्के झाला आहे. नागरी आणि लष्करी दुरुस्तीने एकमेकांचा हात धरावा, यास याहून अनुकूल भूमी कोणती?

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट माणसाची. इंजिनाच्या आवाजातील सूक्ष्म फरक ओळखणारा कान चार वर्षांत तयार होत नाही. अग्निवीर योजनेत चार वर्षांनंतर एक चतुर्थांश तरुणांना कायम ठेवण्याची तरतूद आहे. तांत्रिक शाखांपुरते हे प्रमाण मोठे असावे, याचा विचार व्हावा. आणि जे बाहेर पडतील, त्यांच्या हातचे कौशल्य हिंदुस्थान एरोनॉटिक्सने आणि खासगी दुरुस्ती केंद्रांनी वाया जाऊ देऊ नये.

या साऱ्यावर देखरेख असावी ती संसदेची. सिद्धतेचे आकडे चव्हाट्यावर मांडून शत्रूच्या हाती द्यावेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे ते दरवर्षी बंद दाराआड ठेवले जावेत आणि दंडकापेक्षा कमी पडणाऱ्या प्रत्येक ताफ्याचे कारण विचारले जावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या चार दिवसांत वायुदलाने जे केले, त्याची तयारी त्या चार दिवसांत झाली नव्हती. ती आधीच्या अनेक वर्षांत हँगरमधील दिव्यांखाली, हातात पाना आणि समोर नोंदवही घेतलेल्या असंख्य अनाम वायुसैनिकांनी केली होती. १९७१ च्या डिसेंबरमध्ये भुजची उद्ध्वस्त धावपट्टी माधापरच्या सुमारे तीनशे महिलांनी बहात्तर तासांत पुन्हा उभी केली, तेव्हा वैमानिक उडू शकले. त्या माता-भगिनींनी विमान चालविले नाही. पण ते त्यांच्याशिवाय उडालेही नसते.

आपल्या वस्तीतील, आपल्या नात्यातील एखादा मुलगा किंवा मुलगी वायुदलात तंत्रज्ञ असेल, तर सुटीवर आल्यावर त्यास मानाने पाट द्यावा. आणि आपल्या लोकप्रतिनिधीला, विमाने किती घेतली हे विचारून झाल्यावर, त्यांतील किती उद्या सकाळी उडतील, हे विचारावे. हा प्रश्न गावोगावी विचारला जाऊ लागला, की त्याचे उत्तर देणे दिल्लीलाही भाग पडेल.